सोळा थ्रेडच्या जागी चारच दिसतात, तेव्हा ते ‘चार’ आले कुठून?

खानापूरच्या एका व्हिडिओ मिक्सिंगवाल्या भावानं विचारलंय ते थोडक्यात असं. बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, त्यावर २०१८ पासून एएमडीचा रायझन ३ २२००जी प्रोसेसर. लग्नसराई तोंडावर आली म्हणून खर्च करून रायझन ७ ५७००एक्स घेतला. दुकानदारानं आधी बायोस, म्हणजे मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करून दिलं, मशीन पहिल्या झटक्यात चालू झालं, प्रोसेसरचं नावही बरोबर दिसतंय. पण टास्क मॅनेजरमध्ये सोळाच्या जागी चारच लॉजिकल प्रोसेसर, म्हणजेच थ्रेड, आणि कोअर तर दोनच. रेंडरला, म्हणजे तयार व्हिडिओ बाहेर काढायला, पूर्वी लागायचा तेवढाच वेळ लागतोय. दोनदा प्रोसेसर काढून परत बसवून झाला. आता विचारतायत, माल डुप्लिकेट आहे का, दुकानदाराशी भांडू का, की सरळ फॉरमॅट मारू?

तिन्ही नको. आणि तिसऱ्यांदा प्रोसेसर काढू तर अजिबात नका, त्याचं कारण पुढे सांगतो.

तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून बघितला. वर उजव्या कोपऱ्यात प्रोसेसरचं पूर्ण नाव आहे, आणि त्या नावातच ‘८-कोअर प्रोसेसर’ असं लिहिलंय. हे नाव विंडोज मनानं लिहीत नाही, प्रोसेसरला विचारून घेतं. म्हणजे प्रोसेसर म्हणतोय मी आठ कोअरचा, आणि खाली मोजणारा म्हणतोय दोनच. डुप्लिकेट माल असता तर वरचं नावच वेगळं आलं असतं. गडबड मोजणाऱ्याची आहे.

आता चार हा आकडा बघा. तुमच्या जुन्या २२००जीला कोअर चार, थ्रेडही चारच होते. नव्या प्रोसेसरमध्ये नेमके तेवढेच थ्रेड शिल्लक राहावेत हा योगायोग नाही. जुना आकडा कुणीतरी कुठेतरी लिहून ठेवलाय आणि तो तसाच राहिलाय. गेली वीस-बावीस वर्षं बेळगावात हेच काम करतोय. किती थ्रेड हरवले ते मी मोजत बसत नाही, उरले किती ते आधी बघतो. उरलेल्या आकड्यावरून चोर कुठल्या गल्लीत शिरलाय ते कळतं.

ते कळायला कोअर आणि थ्रेड यांचं नातं डोक्यात पक्कं पाहिजे. आमच्याकडे वडगाव-शहापूर भागात यंत्रमाग आहेत, त्यांच्यावरून सांगतो. एक विणकर दोन माग सांभाळतो. एका मागावर दोरा तुटला, कांडी संपली, की तो माग थांबतो, तेवढ्यात विणकर दुसऱ्याकडे वळतो. माणूस एकच, पण रिकामा उभा राहत नाही. विणकर म्हणजे कोअर, माग म्हणजे थ्रेड. कोअरला मेमरीतून माहिती येईपर्यंत थांबावं लागतं, त्या वेळात तो दुसऱ्या थ्रेडचं काम ओढतो. इंटेल याला हायपर-थ्रेडिंग म्हणतं, एएमडी एसएमटी म्हणतं. दोन माग दिले म्हणून एका विणकराकडून दुप्पट कापड निघत नाही. रेंडरिंगसारख्या कामात साधारण वीस-तीस टक्के जास्त निघतं, काही कामांत काहीच नाही.

५७००एक्समध्ये आठ विणकर, सोळा माग. आता टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, त्यात सीपीयू उघडा. खाली ‘कोअर्स’ आणि ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ असे दोन आकडे असतात. नेहमी दोन्ही एकत्र वाचायचे. आठ कोअर आणि आठच लॉजिकल दिसले, तर विणकर सगळे हजर आहेत पण प्रत्येकाचा एक माग बंद केलाय, म्हणजे बायोसमध्ये एसएमटी बंद. चार कोअर आणि आठ लॉजिकल दिसले, तर अर्धे विणकरच घरी पाठवलेत, म्हणजे बायोसमध्ये कोअर कमी करण्याची सोय कुणीतरी वापरलीय. आणि दोन कोअर, चार लॉजिकल? हे तुमचं. विंडोजला कुणीतरी सांगून ठेवलंय की चार मोजून झाले की थांब. पहिल्या विणकराचे दोन माग, दुसऱ्याचे दोन, झाले चार. उरलेले सहा जण दारात उभे आहेत, पण हजेरीत नाव नाही.

ती हजेरी दुरुस्त करायला दोन मिनिटं लागतात. कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा. छोटी खिडकी येईल, तिच्यात एमएसकॉन्फिग (msconfig) टाइप करून एंटर. वरच्या टॅबमधला ‘बूट’ निवडा. तिथे तुमच्या विंडोजची ओळ दिसेल, तिच्यावर क्लिक करून खालचं ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ दाबा. डाव्या बाजूला सगळ्यात वर ‘नंबर ऑफ प्रोसेसर्स’ असा चौकोन असेल, त्यात टिक असेल आणि खाली ४ लिहिलेलं असेल. ती टिक काढा. ओके, अप्लाय, ओके, आणि मशीन रिस्टार्ट करा.

इथे बरेच जण एक चूक करतात. टिक तशीच ठेवून ४ च्या जागी १६ करतात. आज चालेल. पण पुढे कधी मोठा प्रोसेसर टाकलात की पुन्हा तेच रडगाणं. टिक नसली की विंडोज आहेत तेवढे सगळे घेतं, त्याला सांगायची गरजच नसते. दुसरी गोष्ट, शटडाऊन करून परत चालू करू नका, रिस्टार्टच करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊनच्या वेळी विंडोज स्वतःला अर्धवट झोपवून ठेवतं आणि चालू करताना त्याच झोपेतून उठतं. रिस्टार्टला मात्र सगळं नव्यानं सुरू होतं.

त्याच खिडकीत शेजारी ‘मॅक्झिमम मेमरी’ असाही चौकोन आहे. तोही बघून घ्या. तिथे टिक असली तर सोळा जीबी रॅम टाकूनही विंडोज आठच वापरतं. ही टिक आणि ती टिक बऱ्याचदा जोडीनंच सापडतात, कारण लावणारा हात एकच असतो.

हा हात कुणाचा? बहुतेक तुमचाच, किंवा तुमच्या आधी ते मशीन बसवणाऱ्याचा. ‘कंप्युटर रॉकेटसारखा करा’ असे व्हिडिओ पैशाला पासरी मिळतात. त्यात हमखास सांगतात, बूटमध्ये जा, प्रोसेसरचा आकडा सगळ्यात मोठा निवडा, मग विंडोज सगळी ताकद लावून चालू होईल. तुमच्या २२००जीवर सगळ्यात मोठा आकडा चार होता, कुणीतरी तो निवडला. त्यानं फायदाही झाला नाही आणि नुकसानही नाही, कारण विंडोज आधीपासून चारच्या चार वापरतच होतं. ही सोय मुळात सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर बनवणाऱ्यांसाठी आहे. कमी प्रोसेसरवर आपला प्रोग्राम कसा चालतो हे तपासायला ते आकडा मुद्दाम कमी करतात. वेग वाढवणारं त्यात काहीच नाही. नुकसान पाच-सात वर्षांनी झालं, प्रोसेसर बदलल्यावर.

दुसऱ्यांना हसायचा अधिकार मला नाही. विंडोज ७ च्या काळात मीसुद्धा सर्व्हिसिंगला आलेल्या मशीनवर ही टिक लावायचो. गिऱ्हाइकाला दाखवायला काहीतरी केलं असं वाटायचं. कोअर टू ड्युओवाल्या मशीनवर २ टाकायचो आणि पुढच्या कामाला लागायचो. काही वर्षांनी त्यातल्याच एका फोटो स्टुडिओवाल्यानं त्याच बोर्डावर कोअर टू क्वाड टाकला, आणि महिन्याभरात दारात हजर, ‘काय ओ मामा, चार म्हणून घेतला, दोनच दाखवुलालाय की!’ अर्धा दिवस मी बायोस, रॅम, पॉवर सप्लाय बघत बसलो. शेवटी टिक सापडली, आणि ती माझीच होती. त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत. का नाही घेतले हे मात्र त्याला सांगितलं नाही.

तुमचा वेळ पूर्वीइतकाच का लागतोय, तेही या हिशोबात बसतं. ५७००एक्सचा एक कोअर हा २२००जीच्या एका कोअरपेक्षा बराच दमदार आहे. मधे झेनच्या दोन-तीन पिढ्या गेल्यात. तसे दोन दमदार कोअर, वर त्यांचे जोडथ्रेड, आणि समोर जुने चार साधे कोअर. तराजू जवळपास सारखाच राहतो. म्हणूनच तुम्हाला वाटलं की नवा प्रोसेसर टाकून काडीचाही फरक पडला नाही. खरं तर चारातला एकच हिस्सा वापरून तो जुन्याची बरोबरी करत होता. बाकीचे सहा कोअर जागे झाले की फरक रेंडरच्या पहिल्याच गाण्यात कळेल.

फॉरमॅट मारलात तरी हे सुटेल, आणि घोटाळा तिथेच होतो. टिक हा विंडोजच्या बूट नोंदवहीतला एक शब्द आहे. ती नोंदवही डिस्कवर असते, प्रोसेसरमध्ये नाही. फॉरमॅटनं नोंदवहीच नवी होते, त्यामुळे रोग जातो आणि ‘बघा, विंडोज करप्ट झालं होतं’ असं सांगायला दुकानदार मोकळा. पण तुमचे प्रोजेक्ट, प्लगइन, मराठी-कन्नड दोन्ही टायटलचे फॉन्ट, पत्रिकांचे साचे हे सगळं परत बसवायला दोन दिवस. एका टिकेसाठी एवढं कशाला? आणि हेही लक्षात ठेवा, कुणी जुन्या मशीनची एसएसडी काढून तशीच नव्या मशीनला लावली, तर ही टिकही तिच्याबरोबर नव्या घरी जाते. प्रोसेसर बदलला नाही, बोर्डासकट सगळं मशीनच नवं आहे, तरी थ्रेड कमी दिसतायत, असं कुणी म्हणालं तर मी पहिल्यांदा विचारतो, डिस्क जुनीच आहे का?

समजा तुम्ही तिथे गेलात आणि टिकच नाही. मग स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधा, त्यावर राइट क्लिक करून ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ करा आणि बीसीडीएडिट (bcdedit) टाइप करा. हीच ती नोंदवही, उघडी. यादीत ‘नमप्रॉक’ (numproc) नावाची ओळ दिसते का बघा. दिसली तर पुन्हा बीसीडीएडिट, मग जागा सोडून तिरकी रेघ, तिला चिकटून डिलीटव्हॅल्यू (deletevalue), जागा सोडून नमप्रॉक, एंटर. ओळ जाईल. मशीनमध्ये दोन विंडोज असतील तर दोघांच्या नोंदी वेगवेगळ्या असतात. एकात सोळा आणि दुसऱ्यात चार, असंही मी बघितलंय. मालक म्हणायचा, ‘सकाळी चांगलं असतं, संध्याकाळी बिघडतं.’ सकाळी तो हिशोबाचं काम एका विंडोजवर करायचा, संध्याकाळी पोरगा गेमसाठी दुसरं उघडायचा.

नोंदवहीही स्वच्छ असेल, तरच बायोसकडे वळा. विंडोजचा दोष की बायोसचा, हे ठरवायला माझ्या खिशात उबुंटूची, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सची, पेनड्राइव्ह कायम असते. तिच्यावरून मशीन चालू करायचं, काही इन्स्टॉल न करता, टर्मिनल उघडायचं आणि एलएससीपीयू (lscpu) टाइप करायचं. तिथे सोळा दिसले तर बायोस निर्दोष, विंडोजमध्येच शोधा. तिथेही कमीच दिसले तर विंडोजला हात लावून उपयोग नाही. लिनक्स रोज वापरणाऱ्यांचा विषय थोडा वेगळा. त्यांनी ग्रबच्या ओळीत ‘मॅक्ससीपीयूज’ किंवा ‘नोएसएमटी’ असलं काही लिहून ठेवलंय का ते बघावं.

बायोसमध्ये शोधायच्या जागा दोन. एएमडीच्या बोर्डावर एक म्हणजे एसएमटी, ती ऑटो किंवा एनेबल्ड पाहिजे. दुसरी डाऊनकोअर कंट्रोल, तीही ऑटो. बऱ्याच बोर्डांवर या दोन्ही ‘एएमडी सीबीएस’ नावाच्या पोटमेनूत लपलेल्या असतात. इंटेलवर हायपर-थ्रेडिंग आणि ‘अॅक्टिव्ह प्रोसेसर कोअर्स’ अशी नावं असतात. शोधत बसायचा कंटाळा असेल तर ‘लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स’ हा राजमार्ग आहे. पण त्याआधी मोबाइलनं बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. डिफॉल्टनं रॅम पूर्ण वेगानं चालवणारं एक्सएमपी जातं, कधी बूटची पद्धत बदलते, कधी डिस्कची जोडणी रेडवरून एएचसीआयवर जाते आणि विंडोजच चालू होत नाही. थ्रेड मिळाले आणि विंडोज गेलं, असा सौदा नको.

बायोसमध्ये कुणी थ्रेड बंद करून ठेवेलच कशाला, असं वाटेल. उद्यमबागमधल्या एका वर्कशॉपचा अनुभव सांगतो. सीएनसीचे प्रोग्राम बनवायला त्यांनी एका कंपनीतून निघालेलं जुनं मशीन घेतलं होतं, इंटेलच्या आय३-३२२० वालं. काम वाढलं म्हणून त्यात आय७-३७७० टाकला. चार कोअर, आठ थ्रेड पाहिजेत. दिसले चार आणि चार. प्रत्येक विणकराचा एक माग बंद. बायोस उघडलं तर हायपर-थ्रेडिंग डिसेबल्ड. २०१८ आणि २०१९ मध्ये फोरशॅडो, झोंबीलोड अशा सुरक्षेच्या त्रुटी जाहीर झाल्या होत्या. एका कोअरवरच्या दोन थ्रेडपैकी एकाला दुसऱ्याची गुपितं कळू शकतात, असा त्यांचा मथितार्थ. तेव्हा बऱ्याच ठिकाणी आयटीवाल्यांनी हायपर-थ्रेडिंग बंद करून टाकलं. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमनं तर २०१८ मध्येच आपल्या बाजूनं ते बंद केलं होतं. तर हे मशीन तिथून त्याच अवस्थेत उद्यमबागला आलं. आय३ होता तेव्हा चारच्या जागी दोनच थ्रेड चालत होते, पण ते कुणी मोजलंच नाही. आय७ साठी पैसे मोजले, तेव्हा थ्रेडही मोजले. वर्कशॉपचं मशीन इंटरनेटला फारसं जोडलेलं नव्हतं, मालकाला विचारून चालू करून दिलं.

आणखी एक प्रकार आहे, आणि त्यात मात्र दुरुस्ती नाही. थ्रेड हरवलेलेच नसतात, ते मुळात नव्हतेच. निपाणीचे एक गृहस्थ आय७-९७०० घेऊन आले होते. आय७ म्हणजे कोअरच्या दुप्पट थ्रेड हे त्यांच्या डोक्यात पक्कं, कारण आधीचा आय७ तसा होता. पण ९७०० मध्ये आठ कोअर आणि आठच थ्रेड, कारखान्यातूनच. त्या पिढीत डेस्कटॉपच्या आय७ चं हायपर-थ्रेडिंग काढून ते फक्त आय९ ला ठेवलं होतं. रायझन ५ ३५०० चंही तसंच, सहाला सहा. शेजारचा ३६०० सहाला बारा. नावात शंभरचा फरक, थ्रेडमध्ये दुपटीचा. बाराव्या पिढीपासून इंटेलचा हिशोब आणखी वाकडा झाला. आय७-१२७०० मध्ये बारा कोअर, पण त्यातले आठ मोठे आणि चार छोटे. छोट्यांना जोडथ्रेड नाही. म्हणजे आठ दुणे सोळा, अधिक चार, वीस. लोक बारा दुणे चोवीस करतात आणि चार थ्रेड चोरीला गेले म्हणून येतात. २०२४ च्या ऑक्टोबरात आलेल्या डेस्कटॉपच्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेत तर इंटेलनं हायपर-थ्रेडिंग पूर्णच काढून टाकलं, जेवढे कोअर तेवढेच थ्रेड. तेव्हा भांडायला जाण्याआधी कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं पान उघडून दोन आकडे बघून घ्यावेत. पूर्ण मॉडेल नंबर टाकून, शेवटच्या अक्षरासकट.

काही तक्रारी थ्रेड हरवण्याच्या नसतातच. रिसोर्स मॉनिटरमध्ये कोअरपुढे ‘पार्क्ड’ दिसलं म्हणजे तो वीज वाचवायला झोपलाय, काम आलं की उठतो. त्याला उठवायची छोटी-छोटी सॉफ्टवेअरं मिळतात, ती टाकू नका. टास्क मॅनेजरमध्ये सगळे सोळा आलेख दिसतायत, पण रेंडर करताना दोन-तीनच हलतायत, तर दोष त्या सॉफ्टवेअरचा किंवा त्याच्या जुन्या आवृत्तीचा. आफ्टर इफेक्ट्समध्ये एका वेळी अनेक फ्रेम वेगवेगळ्या कोअरवर टाकायची सोय २०२१ च्या ऑक्टोबरात आली, त्याआधीची आवृत्ती असेल तर सोळा थ्रेड देऊन फारसं काही होणार नाही. मोठे रायझन, ५९००एक्ससारखे, वापरणाऱ्यांनी एएमडीच्या रायझन मास्टर या सॉफ्टवेअरमधला गेम मोड बघावा, तो अर्धे कोअर बाजूला काढतो.

पूर्वी याहून वाईट होतं, एवढं म्हणून पुढे जातो. विंडोज एक्सपीच्या काळात एक प्रोसेसर धरून बसवलेल्या विंडोजला हायपर-थ्रेडिंगचा पेंटियम ४ दिला तरी ते एकच मोजायचं. आतला पायाच एकट्या प्रोसेसरचा असायचा. आम्ही सरळ विंडोज पुन्हा टाकायचो. ‘प्रोसेसर बदलला की फॉरमॅट मारायचाच’ ही सवय आपल्याकडच्या दुकानांत तेव्हापासून राहिलीय. आताचं विंडोज ते स्वतः ओळखतं.

आता प्रोसेसर काढण्याबद्दल. तुमच्या बोर्डाचं सॉकेट एएम४. त्यात पिना बोर्डाला नसतात, प्रोसेसरच्याच पोटाला असतात, तेराशेच्या वर. कूलर उचलताना मधल्या, उष्णता वाहून नेणाऱ्या, घट्ट झालेल्या पेस्टमुळे प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो, खटका बंद असला तरी. दोनदा तुमचं नशीब चांगलं होतं. पुढे कधी काढावाच लागला तर आधी दहा-पंधरा मिनिटं मशीनवर काम करून पेस्ट ऊबदार होऊ द्या, बंद करून वायर काढा, मग कूलर सरळ वर न ओढता हळूच डावीकडे-उजवीकडे फिरवत सोडवा. आणि पिन वाकली तरी तिचा परिणाम सहसा रॅम न दिसणं, चालूच न होणं असा असतो. सुबक चारच थ्रेड राहणं, हे वाकड्या पिनेचं काम नाही. एवढा हिशोबी बिघाड हार्डवेअर करत नाही.

प्रोसेसर बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना तुम्हाला काळ्या पडद्यावर एफटीपीएमबद्दल काहीतरी आलं असेल, वाय दाबा की एन दाबा असं. तुम्ही काय दाबलं ते लिहिलं नाही. तुमच्या डिस्कला बिटलॉकरचं, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाचं, कुलूप लावलेलं नसेल तर फरक पडत नाही. पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: एफटीपीएम म्हणजे त्या कुलपाच्या किल्ल्यांची पेटी, आणि एएमडीमध्ये ती प्रोसेसरशी बांधलेली असते. बिटलॉकर चालू असेल आणि रिकव्हरी की हाताशी नसेल तर वाय दाबू नका, डिस्कला कायमचं कुलूप बसेल. प्रोसेसर बदलण्याआधी किंवा बायोस अपडेट करण्याआधी बिटलॉकर थांबवून ठेवणं हे सगळ्यात बरं. आणि बायोस अपडेट करताना यूपीएस पाहिजेच. खानापूरच्या पावसात लाईट कधी जाते हे मी तुम्हाला सांगायला नको.

राहता राहिला कूलर. तुमच्या फोटोत २२००जीबरोबर आलेला तो छोटा गोल पंखाच दिसतोय. ५७००एक्स कूलरशिवाय येतो, म्हणून तोच चालवलात, समजू शकतो. दोन्ही प्रोसेसर कागदावर ६५ वॅटचेच. आतापर्यंत आठातले दोनच कोअर काम करत होते म्हणून पंख्याला काही वाटलं नाही. टिक काढल्यावर सगळे आठ जण एकदम कामाला लागतील. ५७००एक्सची तापमानाची मर्यादा ९० अंश आहे. तिच्या जवळ गेला की तो स्वतःहून वेग कमी करतो, जळत नाही, पण मग तुम्ही म्हणाल सोळा थ्रेड आले तरी मजा नाही. तेव्हा टिक काढून रिस्टार्ट केलं की पहिल्या मोठ्या रेंडरला तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो सॉफ्टवेअर उघडून ठेवा आणि अर्ध्या तासानं आकडा बघा. ८० च्या आत असेल तर तोच पंखा राहू दे. सतत ८५ च्या वर असेल तर उभा टॉवर कूलर घ्या, एका पंख्याचा साधा पुरतो. घेताना कॅबिनेटची रुंदी मात्र मोजून जा, टॉवर लावल्यावर बाजूची पत्री लागत नाही असं बऱ्याच वेळा होतं.